मॉडेल हेलिकॉप्टरचे पाय: जांभ्याच्या सड्यावर टिकतील असे कसे करावेत?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे ४५० वर्गाचे, म्हणजे साधारण ३२५ मिमी लांबीच्या पात्यांचे, रेडिओवर चालणारे हेलिकॉप्टर असून बॅटरीसह त्याचे वजन सुमारे ८०० ग्रॅम भरते. रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मी ते उडवायला शिकत आहे. तिथे जांभा दगड उघडा असल्याने उतरताना थोडी जरी चूक झाली तरी मूळचे प्लास्टिकचे पाय तुटतात, आणि आतापर्यंत मी तीन जोड बदलले आहेत. म्हणून ३ मिमी जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचे पाय घरीच वाकवून बसवले. गेल्या रविवारी हेलिकॉप्टर गुडघ्याएवढ्या उंचीवरून आपटले, तेव्हा पाय शाबूत राहिले, पण ज्या भोकांत त्यांचे स्क्रू होते तिथेच फ्रेम चिरली आणि मुख्य शाफ्ट वाकला. आता ३ मिमी पोलादी सळईचे पाय करावेत असे मनात आहे. ते पुरेसे भक्कम होतील का?

उत्तर १

सळईचे पाय टिकतील, पण फ्रेम पुन्हा चिरेल. ८०० ग्रॅमचे यंत्र अर्ध्या मीटरवरून पडले, तर जमिनीला टेकताना त्याच्यात सुमारे ४ ज्यूल ऊर्जा असते आणि ती कुठेतरी जिरावीच लागते. पाय ताठ असून यंत्र ५ मिमी अंतरात थांबले, तर फ्रेमवर सरासरी सुमारे ८० किलो वजनाइतका जोर येतो. तेच पाय फाकून यंत्र २५ मिमी अंतरात थांबले, तर हा जोर १६ किलोंच्या आसपास राहतो. आपल्या पट्टीने स्वतः न वाकता सगळा धक्का वर पाठवला, एवढेच त्या दिवशी घडले.

माझ्या मते २ मिमी जाडीची पियानो वायर, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची तार, घ्यावी. साधी सळई आणि ही तार यांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. फरक असा की साधी सळई एकदा वाकली की वाकलेलीच राहते आणि ही तार पुष्कळ वाकूनही मूळ जागी परत येते. ती व्हाइसमध्ये जाड खिळ्याभोवती थंडच वाकवावी, कारण लाल होईपर्यंत तापवली तर तिचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते, आणि टोकदार कोनात वाकवली तर पहिल्या धक्क्याला तिथेच मोडते. जाडीची निवड विचारपूर्वक करावी: ३ मिमी तार २ मिमी तारेच्या सुमारे पाचपट ताठ असते.

उत्तर २

वरील हिशेब पटला. मात्र जांभ्यावर पडण्याइतकाच अडकण्याचा धोका असतो, कारण स्किडचे, म्हणजे पायांच्या खालच्या आडव्या दांडीचे, टोक दगडाच्या एखाद्या भोकात रुतले आणि त्याच वेळी यंत्र बाजूला सरकत असले, तर ते त्या टोकाभोवती उलटते आणि पाती दगडावर आदळतात. शिकण्याच्या काळात दोन लांब काठ्या फुलीसारख्या बांधून चारही टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावण्याची जुनी रीत यासाठीच आहे: पाया रुंद होतो आणि चेंडू दगडावरून घसरत जातात.

काठ्यांसाठी मी कळकाच्या कामट्या वापरतो. कामटीची चकचकीत पाठ तासू नये, कारण बळकट तंतू तिथेच दाट असतात. पेर मधोमध येऊ देऊ नये. आणि बाक हवा असेल तर मेणबत्तीवर फिरवत तापवून, गार होईपर्यंत हाताने धरून ठेवावे. या कामट्या स्किडना केबल टायने बांधाव्यात, म्हणजे फार मोठा फटका बसल्यास टाय तुटेल आणि फ्रेम वाचेल.

मूळचे प्लास्टिकचे पाय नायलॉनचे असतील, तर ते टाकून देऊ नका. नायलॉन कोरडे पडले की ठिसूळ होते. नवे पाय पाण्यात काही वेळ उकळून घेतले की ते ओलावा शोषून बरेच चिवट बनतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल २ मिमी तारेचे पाय बसवले. मात्र रोटर, म्हणजे वरची पाती, फिरू लागताना, वेग कमी असतानाच, सगळे यंत्र डोलू लागते आणि वेग वाढला की शांत होते. हे धोक्याचे आहे का?

उत्तर १

दुर्लक्ष करू नये. लवचिक पायांवर उभ्या असलेल्या यंत्राची डोलण्याची स्वतःची एक गती असते आणि रोटरचा वेग तिच्याशी जुळला की डोलणे वाढत जाते. त्या वेगावर रेंगाळू नका, आणि डोलणे वाढताना दिसले तर लगेच रोटर बंद करा. आधी दोन्ही पात्यांचा तोल तपासा. तोल बरोबर असूनही डोलणे उरले, तर तार जिथे फ्रेमला जोडली आहे तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट आवळा, कारण पोलादात डोलणे स्वतःहून फार सावकाश शमते आणि रबर ते लवकर जिरवते. तरीही थांबले नाही, तर २.५ मिमी तार घ्या.

तार बदलल्यास हेलिकॉप्टर लगेच उडवू नका. पाय एका लाकडी फळीला जोडून तिच्यावर, फळीसकट एकूण ८०० ग्रॅम भरेल इतके पाणी असलेली बाटली बांधा, आणि अर्ध्या मीटरवरून फरशीवर चार-पाच वेळा सोडून पाहा. फळी फरशीला टेकली तर तार बारीक आहे. पाय जेमतेम फाकले तर ती अजूनही जाड आहे.