मॉवरचा बेल्ट बदलण्याआधी आयडलर पुली फिरवून बघा

नवा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ताकद चाकांना देणारा) टाकूनही महिन्याभरात तुमचा मॉवर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, चढावर अडतो, सपाटीवर मात्र नीट चालतो, असं तुम्ही लिहिलंय. आता तिसरा बेल्ट मागवू नका, आधी हा का घसरतोय ते शोधा.

ओहायोत आमच्याही मागच्या अंगणाला उतार आहे आणि याच त्रासात माझा अख्खा उन्हाळा गेला. दोष निघाला आयडलर पुलीत, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या छोट्या चाकात. किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर सोडवून बाजूला ठेवा, इंजिन गार होऊ द्या. मग बेल्ट उतरवून ती पुली बोटाने फिरवा. चांगली पुली आवाज न करता फिरते. माझी खरखरत होती आणि धरून हलवली की डुलायची. बेअरिंग गेलं की पुली तिरकी होते, बेल्ट कडेने घासतो, तापतो. काढलेल्या बेल्टच्या बाजू काचेसारख्या चकाकत असतील तर तो घसरूनच वाया गेलाय. आयडलर पुली ज्या दांड्यावर बसते तो जिथे फिरतो तिथे गवत साचून तो जाम होतो, मग त्याला ओढणारी स्प्रिंग धड असूनही बेल्टला ताण येत नाही. तेवढं खरवडून काढाच.

बेल्ट मॉडेल नंबर बघूनच घ्या. मोटारगाडीचा त्याच लांबीचा बेल्ट बसतो खरा, पण क्लच दाबताना पुलीवर होणारं घासणं सोसायला तो बनवलेला नसतो.

हो, आणि मॉवर हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा) असेल तर बायपासचा दांडा (मशीन ढकलता यावं म्हणून चाकं मोकळी करणारा) जागेवर आहे ना बघा. मशीन ढकलून नेल्यावर तो कधीकधी तसाच राहतो.