शिसं चिकटतंय? आधी माप बघा

रिव्हॉल्वरमध्ये शिशाच्या बुलेट वापरल्या की बॅरलमध्ये शिसं चिकटतं, म्हणून बुलेटसाठी अजून कडक मिश्रधातू वापरा असा सल्ला काही जण देतात, मला नाही पटत. बरेचदा दोष मापाचा असतो, बुलेट सिलिंडरच्या थ्रोटपेक्षा (बुलेट बाहेर पडते त्या पुढच्या तोंडापेक्षा) बारीक असली की कडेनं गरम गॅस निसटतो आणि शिसं खरवडून बॅरलला थापतो, मग धातू कितीही कडक घ्या, काय फरक पडणार? १९३५ साली .३५७ मॅग्नम ही रिव्हॉल्वरची जोरदार काडतूस आली तेव्हा फॅक्टरीच्या मऊ शिशाच्या गोळ्यांचीही हीच रड होती. आणि एल्मर कीथ या अमेरिकन बंदूक-लेखकाच्या सेमी-वॅडकटरला (सपाट टोकाच्या बुलेटला) क्रिम्प ग्रूव्ह, म्हणजे काडतुसाची कड दाबून बसवायची खाच, उगाच नाहीये बरं का, ही पकड (क्रिम्प) ढिली राहिली तर गोळी झाडल्याच्या धक्क्यानं बाकीच्या काडतुसांतल्या बुलेट पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. काडतुसात किती पावडर भरायची ते आकडे मात्र छापील मॅन्युअलमधूनच घ्या, कुणाच्या कमेंटमधून नको.