देणगीदाराचं नाव झाकायचं कुणापासून?

सातरस्ता_सोलापूर:
निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देणगी म्हणून द्यायचे कागद, सुप्रीम कोर्टानं १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवले, तेही पाचही न्यायाधीशांनी एकमतानं. तरी 'दान गुप्तच बरं' म्हणणारे आपल्या गावात कमी नाहीत. देवळातलं दान गुप्त असू दे, तिथं कुणी टेंडर काढत नाही. पक्षाला कोटी देणारा कोण, हे मतदाराला मतदानाआधी कळायला नको का?

मागवाला:
बोलायला सोपं आहे. माझा यंत्रमाग अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. एका पक्षाला दिलं आणि नाव छापून आलं, की दुसरा सत्तेत आल्यावर वीजजोडणीपासून परवान्यापर्यंत कागद अडतात. २०१७ च्या बजेटमध्ये रोख्यांची घोषणा झाली तेव्हा हेच कारण सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. शिवाय पैसा बँकेतून, केवायसी करून जात होता. रोख पाकिटापेक्षा वाईट काय त्यात?

सातरस्ता_सोलापूर:
केवायसी स्टेट बँकेकडे, म्हणजे सरकारी बँकेकडे. रोख्यावर साध्या डोळ्यांना न दिसणारा, अतिनील प्रकाशात दिसणारा नंबर होता. विरोधकांना देणारा कोण हे सत्तेतल्यांना कळायला वाट होती, अंधारात राहिलो आपण. ज्या सूडाला तुम्ही घाबरता, त्याची सोयच होती ही. निकालानंतर रोख्यांची माहिती द्यायला बँकेनं ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती, म्हणजे लोकसभा उरकल्यावर. कोर्टानं ती नाकारली, नंबर मार्चमध्येच बाहेर आले आणि कुणाचा रोखा कुणी वटवला ते जुळवता आलं.
आणि एक. पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. २०१७ मध्ये ती अटही काढली. तोट्यातली कंपनी तेव्हा देणगी कुठून देत होती, हा प्रश्न मागवाल्यानं तरी विचारावा!

पूर्वभाग_पोरगं:
ओ सर, रोख्याचं काय घेऊन बसलाव? आमच्या गल्लीत मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटं फिरूलालेत, ती कुठल्या बँकेतनं येऊलालेत? विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. एवढ्यात नुसत्या गाड्या, मंडप आन् जेवणं तरी भागतेत का सांगा की.

जुना_कारकून:
उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाहीच. सभेत व्यासपीठावर उमेदवार दिसला की खर्च त्याच्या खात्यात धरायचा, नुसता पक्षाचा प्रचार असेल तर पक्षाच्या. मग कोण कशाला मोजतो? केंद्रीय माहिती आयोगानं २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखाली आणलं, एकानंही अंमल केला नाही. यावर मात्र सगळ्यांचं एकमत!

मागवाला:
हेच म्हणतोय. पक्ष स्वतः हिशेब देणार नाहीत, उघडं पडायचं ते फक्त देणाऱ्यानं.

सातरस्ता_सोलापूर:
वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाला आजही निवडणूक आयोगाला कळवावं लागत नाही. छोट्या माणसाला आडोसा आहे की.

मागवाला:
वीस हजार घेऊन गप बसणारा पुढारी सोलापुरात दाखवा, माझं नाव मी स्वतः बोर्डावर लावतो.