शनीचे चंद्र किती सांगू? मुलांसाठी ग्रह-लघुग्रहांवरचं ताजं काहीतरी सुचवा

साखळीचा मामा:
नमस्कार मंडळी. भाची आठवीत आहे, विज्ञान प्रदर्शनात तिने चार्टवर शनीचे चंद्र 274 लिहिले आणि परीक्षकांनी पुस्तकात 62 आहेत म्हणून लाल काट मारली, पोर घरी येऊन रडली. मलाही नीट सांगता येईना हे 274 आले कुठून. आता दिवाळीच्या सुट्टीत वाड्यावरची पंधरा-वीस मुलं देवळाच्या सभामंडपात बसवून एक संध्याकाळ ह्याच विषयाला द्यायची असं ठरवलंय. गेल्या दोन-चार वर्षांत खरंच नवं काय कळलं, त्यातलं काय सांगू? आणि दुर्बीण कुठे मिळेल?

मास्तरीण, वाळपई:
मामा, भाचीला आधी सांगा, बाय तू बरोबर होतीस. 62 हा 2019 पर्यंतचा आकडा, मग 82 झाले, 2023 मध्ये 146, आणि मार्च 2025 मध्ये एकदम 128 नवे जाहीर झाले. हे चंद्र जेमतेम काही किलोमीटरचे, एका फोटोत दिसतच नाहीत. म्हणून हवाई बेटावरच्या मोठ्या दुर्बिणीतून तासन् तास फोटो काढले आणि शनी आकाशात जसा सरकतो तसा प्रत्येक फोटो थोडा सरकवून एकावर एक ठेवला. हे मुलांकडून करून घ्या. दहा ट्रेसिंग पेपर, प्रत्येकावर पेन्सिलीचा अगदी फिकट ठिपका, पण दरवेळी दोन मिलीमीटर पुढे. कडा जुळवून ठेवले तर नुसती फिकट रेघ. ठिपक्यावर ठिपका येईल असे सरकवले की एकच ठिपका, गडद. मी वर्गात केलंय, पोरं उड्या मारतात.

दुसरं बेन्नू. ह्या लघुग्रहावरची माती सप्टेंबर 2023 मध्ये नासाच्या यानाने पृथ्वीवर आणली, सगळी मिळून 121.6 ग्रॅम. साबणाची एक वडी मुलांच्या हातात फिरवा, साधारण एवढंच वजन. त्यात प्रथिनांना लागणाऱ्या 20 पैकी 14 अमिनो आम्लं मिळाली, डीएनए-आरएनएचे पाचही बेस, म्हणजे त्यांची मूळ अक्षरं, मिळाले, आणि मला सर्वात भावलेली गोष्ट म्हणजे खारं पाणी आटून मागे राहिलेले क्षार. आपल्या आगरवाड्याच्या मिठागरात जे उन्हात होतं तेच, साडेचार अब्ज वर्षांपूर्वी. फक्त तिथे जीव सापडला असं चुकूनही सांगू नका, सापडलाय तो कच्चा माल.

पेडणेकर:
बाईंनी छान सांगितलं. मी म्हणेन लघुग्रह आदळणार का ह्यावर जरूर बोला, 2025 च्या फेब्रुवारीत 2024 वायआर4 ह्या लघुग्रहाच्या फॉरवर्डनी आमच्या घरी म्हातारी माणसंसुद्धा घाबरली होती. 2032 मध्ये धडकण्याची शक्यता वाढत वाढत 3.1 टक्क्यांवर गेली आणि मग आठवड्याभरात जवळजवळ शून्य. लोक म्हणाले लपवतात, पण तसं काही नाही. क्रिकेटमध्ये चेंडू उंच उडाला की आधी चार फिल्डर धावतात, अंदाज येत गेला की एकेक थांबतो, उरलेल्याला वाटतं आपल्याकडेच येतोय, शेवटी तोही थांबतो कारण चेंडू सीमेपार. पृथ्वी हा तो शेवटचा फिल्डर. आणि अपोफिस हा लघुग्रह सांगाच! 13 एप्रिल 2029 ला, आपल्याकडे 14 ची पहाट, तो पृथ्वीपासून सुमारे 32,000 किमीवरून जाणार, म्हणजे घरावरच्या डिशला सिग्नल देणाऱ्या सॅटेलाईटच्याही आतून. धोका काही नाही. ही मुलं तेव्हा बारावीच्या आसपास असतील.

काणकोणचा तारेवाला:
दुर्बिणीसाठी पणजीत मिरामारच्या सायन्स सेंटरला फोन करून विचारा. नरकासुराची रात्र नको, धूर आणि लाईट. दिवाळीनंतर दोन-तीन दिवसांत चंद्र लवकर मावळतो, साडेसातनंतर शनी आग्नेयेला छान वर असतो, स्टेलॅरियम ह्या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या ॲपवर बघून घ्या. पण मुलांना आधीच सांगून ठेवा की यंदा, म्हणजे 2025 मध्ये, शनीची कडी सुईसारखी दिसेल, मार्चमध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली म्हणून. फोटोतल्यासारखी कडी शोधत बसली तर हिरमुसतील. साध्या बायनॉक्युलरमधून कडी दिसत नाही.

साखळीचा मामा:
देव बरें करूं सगळ्यांचं. काल रात्री जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर करून बघितले, सहाव्या कागदाला ठिपका उठून दिसायला लागला, भाची म्हणते हाच चार्ट परत लावणार आणि खाली 62, 82, 146, 274 सगळे आकडे सालांसकट लिहिणार. बाई, ठिपक्यासाठी एचबी पेन्सिल चालेल की टूएच घेऊ?