कॅनडा पीआर : पुण्यात बसून ७३० दिवस कसे भरायचे?

कोथरूडची_सून
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही दोघं १२ सप्टेंबर २०२१ ला टोरंटोला लँड झालो, मिसिसागात आधी बेसमेंट मग कॉन्डो, ऑगस्ट २०२२ मध्ये मुलगी झाली ती तिथेच. जरा कुठे बस्तान बसतंय तोवर इकडे सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला, नवरा एकुलता एक, २० मार्च २०२३ ला जे निघालो ते अजून पुण्यातच. मध्ये जून २०२४ मध्ये मी एकटी ३ ते २४ तारीख जाऊन आले, स्टोरेजमध्ये सामान पडलं होतं ते निकालात काढायला. नवरा नाही आला.

आता नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि माझी झोप उडालीये. पीआर (कॅनडात कायम राहायचा परवाना) टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात पाहिजेत एवढं माहितीये. पण नवरा म्हणतो पीआर कार्डावर मुदत नोव्हेंबर २०२६ आहे, म्हणजे तोपर्यंत वेळ आहे, कशाला घाई. दुसरं म्हणजे माझी कंपनी टोरंटोचीच आहे, मी इथून रिमोट करते, पगार तिकडच्या अकाउंटला, टॅक्स पण कापतात, मग हे दिवस धरत नाहीत का? आणि लेक तर कॅनडाची सिटिझन आहे, सिटिझनसोबत बाहेर राहिलं तर दिवस मोजतात असं एका मैत्रिणीने सांगितलं. तिघांपैकी एक तरी बरोबर असू दे प्लीज.

बर्फातला_बाप्या
ताई, वाईट वाटेल पण तिन्ही चूक. एकेक करून सांगतो.

कार्डाची तारीख आणि तुमची पाच वर्षं यांचा काडीचा संबंध नाही. कार्ड लँडिंगनंतर छापून घरी येतं म्हणून त्यावरची तारीख पुढची असते. तुमची पहिली पाच वर्षं ११ सप्टेंबर २०२६ ला संपतात, बास. उलट पण खरं आहे बरं का, कार्ड संपलं म्हणून पीआर जात नाही, ते फक्त विमानात चढायला लागतं.

लेकीचं. कायद्यात सोबत राहायची सूट आहे ती सिटिझन नवरा किंवा बायकोसोबत असाल तर, किंवा तुम्ही स्वतः लहान मूल असाल आणि आई किंवा बाप सिटिझन असेल तर. आईबापाने सिटिझन मुलासोबत राहिलेले दिवस धरत नाहीत. इथे निम्मे लोक आपटतात.

आता गणित, मी कॅलेंडर घेऊनच बसलो. १२ सप्टेंबर २०२१ ते २० मार्च २०२३ म्हणजे ५५५ दिवस, आलेला आणि गेलेला दोन्ही दिवस धरून, कारण थोडा वेळ जरी कॅनडाच्या जमिनीवर असलात तरी पूर्ण दिवस धरतात. जूनचे २२ मिळवले की ५७७. कमी पडतात १५३. म्हणजे तुम्ही उशिरात उशिरा १२ एप्रिल २०२६ ला उतरलात आणि मग जागेवरून हलला नाहीत तर ११ सप्टेंबरला बरोब्बर ७३०. मिस्टरांचे ५५५ च आहेत, त्यांना १७५ पाहिजेत, त्यांची तारीख २१ मार्च. प्रत्येकाचा हिशोब वेगळा असतो, बायको पोचली म्हणून नवरा सुटत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती कोणी सांगत नाही. ७३० झाले म्हणजे सुटलो असं नाही, ती पाच वर्षांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. १२ सप्टेंबर २०२६ ला तुमचा २०२१ चा पहिला दिवस गळणार, दुसऱ्या दिवशी दुसरा. तुम्ही कॅनडात असाल तर एक गेला एक आला, आकडा ७३० वरच थांबतो. पण महिनाभर पुण्याला आलात की ७०० वर, आणि परतताना बॉर्डरवर नेमकं तेव्हाच विचारलं तर? हे असं मार्च २०२८ पर्यंत चालणार, कारण तोपर्यंत तुमचे जुने ५५५ दिवस गळत राहणार. त्यामुळे शेवटच्या तारखेला पोचणं म्हणजे पुढची दीड वर्षं स्वतःला कोंडून घेणं. जितके दिवस आधी जाल तितके दिवस सासूबाईंसाठी हातात राहतात.

आळशी_बोका
थोडक्यात दिवस भरत आलेत पण दिवस भरत नाहीयेत 😅

(सॉरी ताई, राहवलं नाही)

टोरंटोचा_एचआरवाला
रिमोटचं मी सांगतो, रोज हेच बघतो. कॅनेडियन कंपनी आहे आणि फुल टाइम आहे एवढ्यावर भागत नाही. नियमात शब्द आहे तो कंपनीने तुम्हाला बाहेरच्या पोस्टवर *पाठवलेलं* पाहिजे, नोकरीच्या अटीचा भाग म्हणून, किंवा तिथल्या ग्रुप कंपनीत नाहीतर क्लायंटकडे. शिवाय काम संपल्यावर कॅनडातल्या जागेवर परत येणार असं दिसलं पाहिजे. तुम्हाला घरच्या कारणासाठी जायचं होतं आणि कंपनीने हो म्हटलं, हे पाठवणं नाही झालं. तुमचं रिमोटचं मंजुरीचं मेल उघडून बघा, त्यात "कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून" अशा अर्थाचं वाक्य असणार, मीच शेकड्याने लिहिलीत तशी. आता मॅनेजरकडून मागच्या तारखेचं असाइनमेंट लेटर बनवून घ्यायचा सल्ला कोणी देईल, त्या फंदात अजिबात पडू नका. दिवस कमी असणं एक वेळ निस्तरता येतं, खोटा कागद निस्तरत नाही.

आणि टॅक्स कापला जातो, बँक अकाउंट आहे, लायसन्स आहे, हे सगळं दिवसांच्या मोजणीत शून्य.

दुबईकरीण
मी सिटिझन नवऱ्यासोबत बाहेर राहणाऱ्यांपैकी. माझे दिवस धरले, पण फुकट नाही हं. नवऱ्याचा पासपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट, दोघांच्या नावावरचा भाड्याचा करार, मुलांच्या शाळेचे कागद, सगळं जोडून फाइल जाडजूड झाली. एकाच घरात राहत होतो हे दाखवावं लागतं. आणि नवरा नुसता पीआर असेल तर त्याच्यासोबत राहून काही होत नाही, त्याला कॅनेडियन कंपनीने किंवा सरकारने बाहेर पाठवलं असेल तरच. एक मात्र, हे दिवस पीआर टिकवायला चालतात, सिटिझनशिपला नाही, तिथे १०९५ दिवस स्वतः राहावं लागतं. म्हणून मी अजून पीआरच, नवरा चिडवतो.

नाशकात_परतलेला
सगळे आकडे सांगतायत, मी जे झालं ते सांगतो. २०१४ ला लँड झालो, वडिलांच्या किडनीचं निघालं म्हणून नाशिकला आलो, डायलिसिसच्या फेऱ्या, वर्ष कसं गेलं कळलं नाही. २०१७ ला वडील गेले. तेव्हाच निघायला हवं होतं पण हातात चांगली नोकरी होती, म्हटलं बघू पुढच्या वर्षी. २०१९ ला कार्ड संपलेलं, विमानात घेईनात, म्हणून पीआरटीडीला, म्हणजे चालू कार्ड नसताना परत यायच्या प्रवासाच्या कागदाला, अर्ज केला. हे लक्षात ठेवा, तो अर्ज म्हणजे आपण होऊन मोजणीला उभं राहणं. माझे निघाले ४१२ दिवस. नाकारली.

साठ दिवसांत अपील करता येतं, केलं. माणुसकीच्या मुद्द्यावर सूट मिळू शकते, कायद्यात तशी सोय आहे, लहान मुलांचं हित वगैरे पण बघतात. माझ्या वकिलाने वडिलांच्या हॉस्पिटलच्या फायली लावल्या आणि त्यावर कोणी काही शंकाच घेतली नाही. प्रश्न एकच विचारला, वडील गेल्यावर दोन वर्षं का थांबलात? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हरलो. मागच्या वर्षी पुतण्याच्या लग्नाला व्हिजिटर व्हिसा काढून गेलो, बॉर्डरवरच्या पोरीने विचारलं पहिल्यांदाच येताय का.

ताई, तुमच्या सासूबाईंची फाइल आत्तापासून तारखेवार लावा. डिस्चार्ज समरी, फिजिओची बिलं, घरी दुसरं माणूस का नाही त्याचा पुरावा. लागू नये, पण लागली तर नंतर गोळा होत नाही.

पीस_ब्रिज_पार
संपलेल्या कार्डावर पण येता येतं, अमेरिकेचा व्हिसा असेल तर सीमेलगतच्या बफेलोला उतरा, कोणाच्या तरी खाजगी गाडीतून लँड बॉर्डरने या, पीआरला आत घ्यावंच लागतं. मी तसाच आलो, ऑफिसरने वीस मिनिटं झापलं आणि सोडलं. मग दोन वर्षं कुठेही न जाता गप बसलो, कार्ड रिन्यूला टाकलंच नाही ७३० होईपर्यंत.

बर्फातला_बाप्या
@पीस_ब्रिज_पार तुमचं नशीब. आत घेतात हे बरोबर, पण तिथेच रिपोर्ट लिहून देशाबाहेर जायची ऑर्डर काढू शकतात, मग तीस दिवसांत अपील करा आणि कोर्टासारखं सगळं. ताईंचं कार्ड चालू आहे, पाच वर्षं संपलेली नाहीत, त्या सरळ विमानाने येऊ शकतात. पहिल्या पाच वर्षांत ऑफिसर फक्त एवढंच बघतो की ११ सप्टेंबरपर्यंत ७३० होणं अजून शक्य आहे का. १२ एप्रिलपर्यंत शक्य आहे, १३ ला नाही. इतकं सोपं आहे.

कोथरूडची_सून
सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री नवऱ्याला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. नाशिकच्या दादांचं वाचून दोघंही गप्प झालो. एचआरवाल्या दादांनी सांगितलं तसं मेल उघडलं, तंतोतंत तेच वाक्य आहे.

ठरलं ते असं. मी आणि लेक २५ जानेवारीला उतरतोय, बाप्या दादांच्या पद्धतीने मोजलं तर सप्टेंबरपर्यंत २३० दिवस होतात, म्हणजे ७७ दिवस शिलकीत, तेवढे इकडे यायला. नवरा म्हणतोय तो मार्चपर्यंत बघतो, रात्रंदिवस राहणारी आयाबाई मिळाली तर येतो, नाही तर त्याचं पीआर गेलं तर गेलं. सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये. त्यांना बोलता येत नाही पण कळतं सगळं, सकाळी मी कपाटावरची बॅग काढली तर बराच वेळ तिकडेच बघत होत्या.

एक शेवटचं विचारते, मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनमध्ये फेब्रुवारीपासून एक बाई आणि साडेतीन वर्षांची पोर यांना परवडेल अशी खोली कोणाच्या माहितीत असेल तर मेसेज करा. बेसमेंट चालेल, खिडकी मात्र हवी.