गोवराची लस शाळाप्रवेशासाठी सक्तीची करावी का?

चौकस (धागाकर्ता)

२०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस गोवंडीच्या रफीनगरमध्ये एकाच कुटुंबातली तीन लहान मुले दोन दिवसांच्या आत दगावली, तेव्हा कुठे मुंबईला गोवर हा शब्द पुन्हा आठवला. साथ पुढे भिवंडी आणि मालेगावपर्यंत गेली. ज्या आजाराची लस आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात १९८५ पासून मोफत मिळते आणि जी पुण्यात तयार होऊन जगभर जाते, त्या आजाराने मुंबईत मुले मरावीत, ही मला शरमेची बाब वाटते.

नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस दिल्याची नोंद दाखवल्याशिवाय मुलाला शाळेत प्रवेश देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी बारा ते अठरा जणांना आजार देतो, त्यामुळे शंभरातील पंचाण्णव जण सुरक्षित असल्याखेरीज साथ अडत नाही. अमेरिकेने २००० मध्ये गोवर हद्दपार झाल्याचे जाहीर केले होते. २०२५ मध्ये टेक्सासच्या गेन्स काउंटीत लस नाकारणाऱ्या कुटुंबांमधून तो असा पसरला की लस न घेतलेल्या दोन शाळकरी मुलांचा बळी गेला. समजावून सांगण्याचे दिवस संपले आहेत.

पाटीपेन्सिल

मी असहमत आहे. गोवराने दगावणारी बहुतेक मुले पाच वर्षांखालची असतात आणि आपण कार्ड मागणार सहाव्या वर्षी, शाळेच्या फाटकावर! तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत मी काही वर्षे बालवाडी चालवली. लस नकोच म्हणणारे पालक तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बाकीच्यांपैकी कोणी बाळंतपणाला गावी गेलेली असे आणि पहिल्या डोसाच्या वेळी तिथेच असे, कोणाचे कार्ड गावाकडच्या पेटीत राहिलेले असे, तर कोणी लसीकरणाच्या दिवशी जरीकामाचा रोज बुडवू शकत नसे. त्यात २०२० आणि २०२१ मध्ये सगळी यंत्रणा करोनाच्या मागे लागली आणि त्या काळात जन्मलेल्या कितीतरी मुलांची सत्रे चुकली. अशा आईच्या मुलाला शाळा नाकारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

शिवाय जन्माचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, अशी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची भूमिका आहे; लसीच्या कार्डासाठी तो नाकारणे त्या कायद्यात कुठे बसते? आणि सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी करोना लसीसंदर्भात कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे म्हटलेले आहे.

जुनंखोड

आमच्या लहानपणी गोवर घरोघरी येत असे. उशाशी कडुलिंबाचा पाला, खायला काळ्या मनुका, आठ दिवस अंघोळ बंद. आम्ही पाचही भावंडे त्यातून सुखरूप बाहेर पडलो आणि जन्माची प्रतिकारशक्ती मिळाली. दुसरीकडे जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन तान्ही बाळे गेली. ही बातमी वाचलेल्या बापाला आपण कायद्याचा बडगा दाखवणार का?

निळीपेटी

लस नेण्याची निळी पेटी खांद्याला अडकवून मी सव्वीस वर्षे काढली, म्हणून लिहिते.

जुनंखोड, आपली पाचही भावंडे वाचली याचा आनंद आहे, परंतु जी मुले त्या आठवड्यात गेली ती आज अनुभव लिहायला येऊ शकत नाहीत. पुरळ मावळला म्हणजे गोवर संपला असेही नसते. तो आधीच्या आजारांविरुद्ध शरीराने जमवलेली प्रतिकारशक्ती पुसून टाकतो, आणि पुढचे कित्येक महिने न्यूमोनिया व जुलाब यांना दार उघडे राहते. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवत असते, त्यामुळे पाला टांगून दार लावेपर्यंत शेजारच्या खोलीत तो पोहोचलेलाही असतो. अंगावर गोवर असेल तर वयानुसार जीवनसत्त्व अ चा डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचा असतो. मनुकांना माझी हरकत नाही, पण त्या डोसाची जागा घेत नाहीत.

बेळगावची घटना मी नाकारत नाही. प्राथमिक चौकशीत लस हाताळण्यातल्या निष्काळजीपणावर बोट ठेवले गेले होते. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि सत्राच्या जागी द्रावण घालून तयार करावी लागते. ती जंतूंपासून टिकवणारा कोणताही घटक तिच्यात नसतो, म्हणून कुपीवर उघडल्याची वेळ लिहून चार तासांत उरलेली फेकून द्यावी लागते. हा नियम मोडला की औषधाचे विष होते. त्या बाळांच्या मृत्यूचा जाब लस टोचणाऱ्या यंत्रणेला विचारायला हवा, आणि तो आम्हालाही विचारला जावा.

राइनकाठ

मी जर्मनीत राहतो. इथे १ मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा कायदा लागू आहे. मुलीला पाळणाघरात घालताना तिचे महाराष्ट्रातले कार्ड मी टेबलावर ठेवले, तेव्हा तिथल्या बाईंनी दोन्ही तारखा तपासूनच अर्ज पुढे सरकवला. नोंद नसेल तर लहान मुलाला पाळणाघरात घेत नाहीत. शाळेच्या वयाच्या मुलाला मात्र सक्तीच्या शिक्षणामुळे बाहेर ठेवता येत नाही. पालकांना अडीच हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. पाटीपेन्सिल यांच्या वयाच्या मुद्द्याला हे उत्तर आहे असे वाटते. अर्थात इथे बालरोगतज्ज्ञाकडे जाण्यासाठी कोणाचा रोज बुडत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

चौकस

शाळेच्या फाटकाबाबत मी माघार घेतो. तो मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. परंतु अंगणवाडीत नाव घालताना कार्ड पाहावे आणि डोस राहिला असेल तर त्याच आठवड्यात द्यावा, प्रवेश न अडवता, यावर तरी एकमत व्हावे. निळीपेटी, आपल्या अनुभवात डोस सर्वांत जास्त कुठे चुकतात?

निळीपेटी

कुपीपाशी. एका कुपीत पाच किंवा दहा डोस असतात. सत्राला एकच आई आली, तर एका बाळासाठी कुपी उघडायची आणि उरलेली फेकायची. नियम सांगतो की एक बाळ आले तरी उघडा. पण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब महिनाअखेरीस मागितला जातो, आणि त्या भीतीने "पुढच्या बुधवारी या, आणखी मुले जमली की देऊ" असे सांगणाऱ्या मी पाहिल्या आहेत. नोकरीच्या सुरुवातीला मीही एकदा तसे सांगितले होते. ती बाई ऊसतोडीची होती. पुढच्या बुधवारी तिची टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली होती.