म्हणे सामंतांनी गिरण्या बंद पाडल्या!

परळचा_पोऱ्या
काल इथे एकाने टाकलं, "कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांनी संप केला नसता तर लालबाग-परळ आजही गिरण्यांच्या भोंग्यावर चाललं असतं." त्याला शंभर अंगठे. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख माणूस बाहेर पडला तो काय एका डॉक्टरच्या नादी लागून? 1946 चा तो मुंबई औद्योगिक संबंध कायदा, त्यात मान्यता एकाच युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. करार संघाने करायचा आणि तो सगळ्यांच्या गळ्यात, कामगाराला संघ नको असला तरी. बोनसवरून लोक पेटले आणि घाटकोपरला सामंतांच्या दारात जाऊन बसले, ते आले नव्हते बोलवायला. पगारवाढ द्या, दुसऱ्याच्या खाड्यावर काम मिळणाऱ्या बदलीवाल्यांना कायम करा, हा कायदा काढा. सरकारला झोंबली ती शेवटची मागणी.

भिवंडी_एक्सप्रेस
कायदा कायदा काय लावलंय. संपात कापड कुठे विणत होते? आमच्याकडे, यंत्रमागावर. गोदामात पडून राहिलेला माल पण खपला. मालकाला संप हवाच होता हे सामंतांना कळलं नाही तर नेता कशाला म्हणायचं? संप अधिकृतपणे मागे घेतलाच नाही, लोक आपले लाजत लाजत एकेक करून गेटवर परत.

परळचा_पोऱ्या
मालकाला हवाच होता म्हणताय, म्हणजे कुणी घालवल्या ते तुम्हीच सांगितलंत. धन्यवाद.

भिवंडी_एक्सप्रेस
शब्दात पकडू नका.

सावंतवाडीची_सून
माझे सासरे बदलीवाले. सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर आत, नाहीतर खोलीवर परत. संपात गावी आले ते लोकांच्या बागेत मजुरीला, सासूबाईंचं डोरलं गेलं. तरी सामंतांना कुणी शिवी दिली की ताटावरून उठायचे. मजदूर संघाबद्दल काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जुना_लालबावटा
सामंतांकडे फक्त पगारवाढ होती, विचार नव्हता. 1928 चा संप आठवा, कम्युनिस्ट डांगे, गिरणी कामगार युनियन, सहा महिने जातपात विसरून कामगार एक.

नायगाव_बीडीडी
जातपात विसरून??? साचाखात्यात, म्हणजे विणकामात, आमच्या दलित माणसाला पाय ठेवू देत होते का? सुताची कांडी बदलली की मागाच्या धोट्यातून दोरा तोंडाने ओढायचा, म्हणून विटाळ. जास्त पगार साच्यावर आणि आमचा आजा जन्मभर रिंगखात्यात, सूतकताईला. त्याच 1928 ला बाबासाहेब अडून बसले तेव्हा कुठे साचाखातं आम्हाला खुलं करायची मागणी यादीत आली, तीही नाइलाजाने.

जुना_लालबावटा
ते युनियनचं धोरण नव्हतं हो. कामगारच तेवढा जागा नव्हता, एकदम हात घातला असता तर संप फुटला असता.

नायगाव_बीडीडी
आलं ठरलेलं उत्तर. क्रांती झाली की जात जाईल, तोवर तुम्ही रिंगखात्यातच थांबा.

भिवंडी_एक्सप्रेस
विषय सामंतांचा होता ना?

नायगाव_बीडीडी
तुमचा असेल. आणि नारायण मेघाजी लोखंडे कुणालाच कसे आठवले नाहीत? सत्यशोधक माणूस, 1884 ला गिरणी कामगारांची संघटना काढली, 1890 ला रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्याच सुट्टीत लोळत युनियनला शिव्या टाइप करताय सगळे.

जुना_लालबावटा
लोखंडे थोरच. पण त्यांच्या संघटनेला युनियन म्हणता येत नाही, सभासद नाहीत, फंड नाही, घटना नाही.

नायगाव_बीडीडी
घ्या! आता सर्टिफिकेट पण तुम्हीच वाटणार. फंड होता तुमच्याकडे, त्यातून साचाखात्याचं दार उघडलं का?

जुना_लालबावटा
चूक झाली असेल नेतृत्वाची. पण म्हणून सगळा इतिहास गटारात टाकायचा?

नायगाव_बीडीडी
"असेल"! बरं, तेवढंही पुष्कळ झालं.

परळचा_पोऱ्या
अरे जमिनीवर या, अक्षरशः. संपानंतर बऱ्याच गिरण्या परत चालू झाल्या होत्या. 1991 च्या नियमात गिरणीची जमीन विकायची तर एक हिस्सा पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001 ला बदल केला, वाटणी फक्त मोकळ्या जागेची, शेडखालची जमीन मालकाच्या घशात. तेव्हा सामंत कुठे होते? 1997 च्या जानेवारीतच पवईला गोळ्या घातल्या त्यांना.

भिवंडी_एक्सप्रेस
जमीन मालकांनी खाल्ली, मान्य. पण परतीचा रस्ता न ठेवता अडीच लाख संसार पणाला लावायचा हक्क सामंतांना कुणी दिला?

सावंतवाडीची_सून
माझ्या सासऱ्यांनी दिला. तुम्हाला विचारायला हवं होतं का? असो, गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराचं कुणाला माहीत आहे का? हजेरी कार्ड आहे, सर्व्हिस सर्टिफिकेट नाही, गिरणी तर कधीच पाडली.

भिवंडी_एक्सप्रेस
पीएफची जुनी स्लिप शोधा ताई, ट्रंकेत असते बहुतेक. आणि सामंतांबद्दल माझं मत तेच आहे.